गावाच्या मालकीची वीज : शाळेवरच्या सोलरला अनावृत पत्र

मु. पो. भोर, जि. पुणे

प्रिय सोलर,



भोर आणि वेल्ह्याच्या खोऱ्यांत तू आता दिसू लागलं आहेस. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या छपरावर, अंगणवाडीच्या स्लॅबवर, ग्रामपंचायतीच्या गच्चीवर. कुठे मुंबईकर मंडळींनी वर्गणी काढून तुला आणलं, कुठे एखाद्या संस्थेने निम्मा भार उचलला आणि उरलेला गावाने, कुठे शिक्षकांनीच पहिली नोट टेबलावर ठेवली. तू आलंस याचा मला मनापासून आनंद आहे. पण तुझ्यापाशी काही बोलायचं आहे आणि तुझ्या निमित्ताने गावापाशीही. म्हणून हे पत्र उघडं लिहितो आहे. सरपंच, मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य आणि पुण्या-मुंबईत पोटापाण्याला गेलेली आमची माणसं, सगळ्यांनी ते वाचावं.

आधी तू कुठल्या मुलखात आलं आहेस ते सांगतो. हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरं, वेळवंड खोरं, रोहिड खोरं ही इथली जुनी नावं. राजगड, तोरणा, रोहिडा आणि रायरेश्वर इथलेच. वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय 2024 मध्ये झाला, तरी लोकांच्या तोंडी अजून वेल्हंच आहे. इथे पाऊस धो धो पडतो, आणि तो अडवायला इथल्याच जमिनी गेल्या. वेळवंडीवरचं भाटघर धरण 1928 मध्ये पूर्ण झालं. पुढे आंबी नदीवर पानशेत, मोसेवर वरसगाव, नीरेवर देवघर, शिवाय गुंजवणी. भाटघरचं पाणी नीरेच्या कालव्यांतून बारामती, फलटण, माळशिरसच्या शेतांवर गेलं. पानशेत-वरसगावचं पाणी खडकवासल्यातून पुण्याच्या नळांना गेलं. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा पुणं वाहून गेल्याच्या आठवणी पुष्कळ लिहिल्या गेल्या; ते धरण ज्या गावांच्या शिवारावर उभं राहिलं, त्यांच्याबद्दल फारसं कोणी लिहिलं नाही.

विजेची गोष्टही याच वळणाची. भाटघरच्या पायथ्याशी 16 मेगावॅटचं जलविद्युत केंद्र आहे. पानशेत आणि वरसगावच्या पायथ्याशी प्रत्येकी 8 मेगावॅटची केंद्रं आहेत. शेजारच्या मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली 1921 मध्ये सत्याग्रह झाला. ते धरण मुंबईला वीज द्यायला बांधलं जात होतं. म्हणजे शंभर वर्षं या डोंगरपट्ट्यात वीज तयार होते आहे. ती तयार करण्यात इथल्या माणसाचा वाटा जमिनीचा, पण तिच्यावर त्याचा हक्क एका ग्राहकाएवढाच. बिल भरायचं आणि लाइट गेली की वायरमनची वाट पाहायची.

तू आलंस आणि यात पहिल्यांदा फरक पडायची शक्यता निर्माण झाली. तुझ्यासाठी कोणाचं शिवार बुडवावं लागलं नाही. तू गावाच्या छपरावर बसलंस, गावाच्या पैशाने बसलंस. तुझ्यातून निघणारी वीज गावाच्या मालकीची आहे. तुझ्याबद्दल मला जे काही म्हणायचं आहे ते या मालकीबद्दल आहे. तू किती युनिट देतंस यापेक्षा तुझा मालक कोण आणि तो आपली मालकी कशी निभावतो, हा माझ्या काळजीचा विषय आहे.

तू ज्या पैशातून आलंस, त्या लोकवर्गणीला महाराष्ट्रात मोठी परंपरा आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली. पुढे वसतिगृहातल्या पोरांसाठी घराघरांतून मूठमूठ धान्य गोळा केलं जायचं. त्याला मुष्टिफंड म्हणायचे. ज्या बाईने शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, तिची मूठही त्या फंडात होती, आणि म्हणून ती शाळा तिचीही होती. आमच्याकडे ग्रामदैवताच्या यात्रेची वर्गणी अशीच घरटी निघते. गावातून मुंबईला हमाली आणि गिरणीकामासाठी, पुण्याला मार्केट यार्डात गेलेल्या माणसांनी आपापली मंडळं केली, आणि त्या मंडळांनी मंदिरं बांधली, सभामंडप उभे केले, शाळेच्या खोल्यांना हातभार लावला. सरकारी इमारतीलाही गावाने आपली वस्तू मानावं, ही सवय इथे जुनी आहे. तू त्या सवयीवर उभं आहेस.

आता तू ज्या शाळेवर बसलं आहेस तिची परिस्थिती पाहा. वेल्ह्यातल्या आणि भोरच्या पश्चिम भागातल्या कित्येक शाळांचा पट वीसच्या आत-बाहेर असतो. समग्र शिक्षा अभियानातून मिळणारं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. तीस मुलांपर्यंतच्या शाळेला वर्षाला 10,000 रुपये, त्यापुढे शंभर मुलांपर्यंत 25,000. या दहा हजारांत खडू आले, रजिस्टरं आली, झाडू-फिनेल आलं, फुटलेलं कौल आलं, नळाची तोटी आली, आणि विजेचं बिलही आलं. शाळेत मूल एक असो की तीस, दिवा, पंखा आणि मीटरचा स्थिर आकार तोच. त्यामुळे पट जितका लहान, तितका बिलाचा भार मोठा. बिल थकतं, मग जोडणी तुटते. जोडणी तुटली की 2015 नंतर ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’च्या दिवसांत गावानेच वर्गणी काढून आणलेला टीव्ही किंवा प्रोजेक्टर कपड्याखाली झाकून ठेवला जातो. मुलांनी त्यावर एक कविता ऐकलेली असते, एकदा हृदयाचे कप्पे उघडझाप करताना पाहिलेले असतात, आणि त्यांना ते पुन्हा हवं असतं.

जिथे बिल भरलेलं आहे तिथेही वीज भरवशाची नसते. अकरा हजार व्होल्टची लाइन जंगलातून, ओढ्यांवरून, घाटाच्या कडेकडेने येते. वळवाच्या पहिल्या वाऱ्याला फांदी पडते. आषाढात डोंगर धुक्यात गेला की बिघाड नेमका कुठे आहे हे शोधायलाच वायरमनचा दिवस जातो. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ कोकणातून घाट चढून वर आलं, तेव्हा वेल्हे, मुळशी, मावळ भागांत छपरं उडाली, खांब आडवे झाले आणि वाड्या-वस्त्या दिवसेंदिवस अंधारात राहिल्या. अशा ठिकाणी शाळेच्या छपरावर वीज तयार होणं ही मोठी सोय आहे.

पण सोय म्हणजे काय आणि किती, हे गावाला नीट माहीत पाहिजे. कारण तुझ्याबद्दल जेवढ्या आशा आहेत तेवढेच गैरसमजही आहेत, आणि गैरसमजातून आलेली निराशा तुला अडगळीत टाकते.

दोन खोल्यांच्या शाळेचा हिशेब करू. वीस वॅटच्या चार ट्यूब, तीस वॅटचे, कमी वीज खाणारे चार बीएलडीसी पंखे आणि शंभर वॅटचा टीव्ही मिळून तीनशे वॅट. सहा तास सगळं चाललं तरी दिवसाला 1.8 युनिट. पंखे जुने, पंच्याहत्तर वॅटचे असतील तर हाच हिशेब तीन युनिटांच्या जवळ जातो. म्हणून तुला आणण्याआधी पंखे बदलणं हा सगळ्यांत स्वस्त सौदा आहे. आपल्याकडे वर्षाची सरासरी धरली तर एक किलोवॅटचं सोलर दिवसाला चार युनिटांच्या आसपास देतं आणि त्याला साधारण शंभर चौरस फूट सावलीविरहित जागा लागते. म्हणजे लहान शाळेला एक किलोवॅट पुरतं. मोठ्या आकड्यांच्या मोहात पडायचं कारण नाही.

ही सरासरी मात्र सारखी वाटली जात नाही. मार्च ते मे तू भरभरून देतंस आणि जुलै-ऑगस्टमध्ये, पावसाची झड लागली की, हात आखडतंस. हे तुझं काही चुकत नाही. ढगच तसे असतात. पण गरज आणि पुरवठा यांची इथे गाठ पडत नाही. मेमध्ये शाळेला सुट्टी, आणि वीज हमखास जाते ती पावसाळ्यात. याला उपाय आहे. नेट मीटर असेल तर सुट्टीतली वीज महावितरणच्या जाळ्यात जाते आणि शाळेच्या खात्यावर युनिटं जमा होतात. हा हिशेब एप्रिलपासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षाचा असतो. म्हणून एप्रिल-मेची शिल्लक जून ते सप्टेंबरच्या बिलांत वळती होऊ शकते. उन्हाळ्याच्या सुट्टीतलं ऊन पावसाळ्यातल्या बिलाला उपयोगी पडतं. वर्षाअखेरीस, 31 मार्चला, उरलेल्या युनिटांचा ठरलेल्या दराने हिशेब होतो. मुख्याध्यापकांनी दर महिन्याच्या बिलावर ही शिल्लक पाहायला हवी. पुष्कळ ठिकाणी ती पाहायची असते हेच कोणी सांगितलेलं नसतं.

आणखी एक गोष्ट सांगितली जात नाही आणि तिच्यामुळे सगळ्यात जास्त मनस्ताप होतो. बॅटरी नसलेलं, फक्त जाळ्याला जोडलेलं सोलर लाइट गेली की आपणहून बंद पडतं. बाहेर लख्ख ऊन असलं तरी बंद पडतं. हा बिघाड नाही. लाइन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या वायरमनच्या अंगात छपरावरून येणारी वीज जाऊ नये म्हणून केलेली ती तजवीज आहे. पुण्यातल्या कॉलेजला असं सोलर चालतं, कारण तिथे बिल कमी करणं हाच हेतू असतो. कानद खोऱ्यातल्या शाळेला ते अपुरं पडतं, कारण तिथे प्रश्न लाइट जाण्याचा आहे. तिथे बॅटरीसह चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर हवा. वर्गणी काढण्याआधी गावाने स्वतःला विचारायला हवं की आपला त्रास बिलाचा आहे की खंडित विजेचा, की दोन्हींचा. या उत्तरावर तुझं सगळं अंदाजपत्रक ठरतं. विकणाऱ्याला हा प्रश्न विचारायची निकड नसते. ती गावाला असली पाहिजे.

बसवतानाही काही गोष्टी इथल्या मुलखाच्या आहेत. भोर साधारण अठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून तुझं तोंड दक्षिणेला आणि कल अठरा अंशांच्या आसपास असावा. शाळेच्या आवारातल्या जांभळाची किंवा आंब्याची सावली एका प्लेटवर पडली तरी तिच्याबरोबर एका माळेत जोडलेल्या बाकीच्या प्लेटांची वीजही घटते. त्यासाठी झाड तोडू नये; जागा बदलावी. जुन्या खोलीवर कौलं किंवा पत्रा असेल तर त्यावर भार टाकण्याआधी वासे कोणा जाणत्याकडून तपासून घ्यावेत, नाहीतर आवारात लोखंडी सांगाडा उभारावा. वादळ काय करतं हे या भागाने पाहिलं आहे. अर्थिंग आणि वीजरोधक यांत काटकसर करू नये, कारण घाटमाथ्यावर मे महिन्यात विजा कडाडतात. आणि माकडं प्लेटांवर उड्या मारतात, वायरी ओढतात, हे पुण्यातल्या विक्रेत्याला माहीत नसतं; गावाने ते त्याला सांगायला हवं.

आता माझ्या मनातल्या भीतीबद्दल लिहितो. तू पंचवीस वर्षं टिकतंस. प्लेटांची हमी साधारण तेवढी असते. तुझा इन्व्हर्टर आठ-दहा वर्षांत बदलावा लागतो. शिशाची बॅटरी, नीट सांभाळली तर, चार-पाच वर्षं जाते. लिथियमची त्याहून बरीच जास्त, पण आधी जास्त पैसे मागते. म्हणजे तुझ्या आयुष्यात बॅटरीचे अनेक जन्म-मृत्यू होणार. गावोगाव चौकात उभे असलेले सौर पथदिवे पाहा. खांब आहे, प्लेट आहे, दिवा लागत नाही. तो दिवा खराब निघाला असं नाही. त्याची बॅटरी संपली आणि नवी आणायची कोणी, हे कधी ठरलंच नव्हतं. दिवा देणाऱ्याचं काम उद्घाटनाला संपलं, गावाचं काम टाळ्या वाजवून संपलं. बॅटरी म्हणजे दावणीला बांधलेलं जनावर आहे. वेळेवर पाणी घातलं, ताकदीपेक्षा जास्त ओढायला लावलं नाही, तर ते वर्षानुवर्षं काम करतं, आणि दुर्लक्ष केलं तर वेळेआधी बसतं.

शाळेवर तुझी हीच गत होऊ नये. म्हणून वर्गणीबद्दलची आमची कल्पनाच थोडी बदलायला हवी. आपण वर्गणी काढतो ती बसवण्यासाठी. ती काढायला हवी पाचव्या वर्षासाठी. पहिला पैसा बाहेरून मिळणं आता तेवढं अवघड राहिलेलं नाही. कंपन्यांचा सामाजिक निधी आहे, रोटरीसारखे क्लब आहेत, आमदार-खासदार निधी आहे, जिल्हा नियोजनाचा पैसा आहे. पाचव्या वर्षीच्या बॅटरीसाठी मात्र यांतलं कोणी येत नाही. तिथे गावच लागतं.

हे शक्य आहे का, असं कोणी विचारलं तर उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. पुणे जिल्ह्याच्या डोंगरातली दरेवाडी ही 39 घरांची वस्ती. तिथे महावितरणची लाइन पोहोचलेली नव्हती. 2012 मध्ये पुण्याच्या ग्राम ऊर्जा या कंपनीने बॉश कंपनीच्या आर्थिक मदतीने तिथे 9.4 किलोवॅटचा सौर प्रकल्प उभारला आणि वस्तीपुरतं विजेचं जाळं टाकलं. भांडवल बाहेरचं होतं. पण चालवायचं काम गावाच्या विश्वस्त मंडळाकडे दिलं गेलं. घरोघरी मीटर बसले. वापरलेल्या युनिटांचे पैसे प्रत्येक घराने द्यायचे, आणि त्या पैशातून देखभाल व पुढच्या बॅटरीची तरतूद करायची, असा दर मुद्दाम ठरवला गेला. वीज फुकट मिळाली असती तर लोकांना त्या दिवशी बरं वाटलं असतं. पैसे मोजल्यामुळे ती वीज त्यांची झाली.

दुसरं उदाहरण साताऱ्याच्या पाटण तालुक्यातल्या मान्याचीवाडीचं. 102 कुटुंबांचं हे गाव 2024 मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरलं. तिथे शासनाची योजना आणि महावितरण सोबत होते, पण हे गाव त्याआधीच स्वच्छतेपासून पर्यावरणापर्यंतच्या कामांत एकजुटीने वावरलेलं होतं. योजना सगळ्यांसाठी असते. ती पेलायची तयारी ज्या गावाची असते तिथे ती रुजते. तिसरं उदाहरण शाळेचं. खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेने 2025 मध्ये लोकसहभागाच्या जोरावर जागतिक स्तरावर नाव कमावलं. लहानशी सरकारी शाळा गाव आपली मानतं तेव्हा कुठवर जाते, याचा तो दाखला आहे.

आणि हे फक्त आपल्याकडे घडतं असंही नाही. जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमधल्या शोनाऊ या छोट्या गावातल्या पालकांनी 1986 च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर ठरवलं की आपली वीज कुठून येते हे आपण ठरवायचं. त्यांनी पैसे गोळा केले, गावात मतदान घडवलं आणि 1997 मध्ये गावातलं विजेचं जाळंच विकत घेऊन स्वतः चालवायला घेतलं. तिथेही सुरुवात मुलांच्या काळजीतून झाली.

आता एक आक्षेप, आणि तो रास्त आहे. शाळा सरकारची आहे. शिक्षणाचा हक्क 2009 च्या कायद्याने दिलेला आहे. मग तिचा दिवा गावाने का लावायचा? शहरातल्या माणसाला मुलाच्या शाळेच्या पंख्यासाठी वर्गणी मागितली जात नाही; मग ज्याची जमीन धरणात गेली त्याच्याकडे ती का मागायची? माझं उत्तर असं आहे. लोकवर्गणी सरकारची जबाबदारी हलकी करण्यासाठी देऊ नये. ती जबाबदारी ठणकावून विचारण्यासाठी द्यावी. गावाने तुला आणलं म्हणून शाळेचं अनुदान कमी होता कामा नये, जोडणी तुटता कामा नये, खांब आणि तारांची दुरुस्ती लांबता कामा नये. वर्गणीच्या पावतीबरोबर गावाला प्रश्न विचारायचं बळ मिळतं. ज्याने शंभर रुपये दिले तो शाळेत येऊन विचारतो, टीव्ही चालतो का, पोरं काय पाहतात, मास्तर किती वाजता येतात. ही विचारपूस मला विजेइतकीच मोलाची वाटते.

वर्गणी घेताना माणुसकीही सांभाळावी लागते. गावठाणातल्या घराला दोनशे रुपये जड नसतात. डोंगरावरच्या धनगरवाड्याला किंवा कातकरी वस्तीला ते जड असतात, आणि शाळेची सगळ्यात जास्त गरज त्यांच्याच मुलांना असते. घरटी सारखी रक्कम लावणं दिसायला न्याय्य दिसतं, पण त्यात गरिबाचा वाटा मोठा होतो. ज्याला पैसे जमत नाहीत त्याने चर खणावा, सामान डोक्यावरून वर न्यावं, महिन्यातून एकदा प्लेटा पुसाव्यात, तीही वर्गणीच. आणि भिंतीवर देणगीदारांचा फलक लावायचा असेल तर त्यावर रकमा लिहू नयेत. जिथे आकडे लिहिले जातात, तिथे कमी आकड्याच्या घरातली मुलं रोज त्या भिंतीखालून वर्गात जातात.

शाळेबद्दलचा एक मोठा प्रश्न तुझ्याशी जोडलेला आहे. कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा विचार राज्यात 2023 मध्ये पुढे आला, तेव्हा नंदुरबारच्या तोरणमाळबरोबर आपल्या पानशेतच्या शाळेचं उदाहरण दिलं गेलं. मोठ्या शाळेत मुलांना अनेक शिक्षक, प्रयोगशाळा, मैदान आणि सोबत मिळते, हे खरं. चार-सहा वर्षांच्या लेकराने पावसात ओढे ओलांडून रोज लांब जावं का, हा प्रश्नही तितकाच खरा. त्याचा निकाल या पत्रात लागणार नाही. पण पंचवीस वर्षं टिकणारी वस्तू आपण अशा इमारतीवर बसवतो आहोत, जिचं पाच वर्षांनी काय होईल ते ठरलेलं नाही. म्हणून तुला आणतानाच ग्रामसभेने लिहून ठेवावं : शाळा इथून हलली, तर हे सोलर गावाच्या अंगणवाडीला, अभ्यासिकेला किंवा पाण्याच्या पंपाला जाईल, गावाबाहेर जाणार नाही. इमारत जिल्हा परिषदेची असेल, तू गावाचं आहेस. हे कागदावर असलेलं बरं.

तुझं काम शाळा सुटल्यावर संपू नये, असंही मला वाटतं. संध्याकाळी बॅटरीत उरलेल्या विजेवर एक खोली दोन तास उजळली, तर दहावीच्या आणि पोलीस भरतीच्या मुलामुलींना अभ्यासिका मिळते. विशेषतः मुलींना. घरात रात्रीचा स्वयंपाक, लहान भावंडं आणि एकच दिवा असतो. शाळेची खोली त्यांना हक्काची जागा देते. प्राथमिक आरोग्य केंद्रात लसी 2 ते 8 अंश तापमानात ठेवाव्या लागतात, तिथे तुझा भरवसा प्रत्यक्ष बाळांच्या उपयोगी पडतो. ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्याच्या पंपाचं बिल हा तर लहान पंचायतींचा कायमचा घोर आहे, आणि पंप दिवसा चालवायचा असतो, म्हणजे बॅटरीशिवायही तुझ्यावर चालू शकतो. घरांसाठी 2024 पासून पीएम सूर्यघर योजनेतून तीन किलोवॅटपर्यंत 78,000 रुपयांचं अनुदान मिळतं. ते घरांपुरतं आहे, शाळेला लागू नाही. म्हणून सार्वजनिक इमारतींसाठी गावाची एकत्र ताकद जास्त मोलाची आहे.

तर गावाकडे माझं मागणं चार गोष्टींचं आहे. पहिली, तुझ्या नावाचं बँकेत वेगळं खातं असावं, शाळा व्यवस्थापन समिती आणि ग्रामपंचायत यांच्या संयुक्त सहीचं, आणि त्यात दर महिन्याला थोडी रक्कम पडावी. साठ घरांनी महिन्याला वीस रुपये दिले तर वर्षाला 14,400 होतात, पाच वर्षांत 72,000. त्यात बॅटरी येते आणि इन्व्हर्टरसाठी गाठीला काही उरतं. दुसरी, वर्गात एक नोंदवही असावी आणि ती मुलांनी लिहावी. रोज किती युनिट तयार झाली, आभाळ कसं होतं, बॅटरीतल्या पाण्याची पातळी किती. सातवीच्या मुलांना सरासरी आणि आलेख शिकवायला याहून चांगलं पुस्तक नाही, आणि वीज घटली की पहिल्यांदा लक्षात येईल तेही त्यांच्याच. तिसरी, गावातल्या एका मुलाला आणि एका मुलीला बसवणाऱ्या कंपनीने कामाच्या वेळीच शिकवावं. प्लेटा पुसणं, जोडणी तपासणं, फ्यूज बदलणं, कोणत्या वायरला हात लावायचा नाही हे ओळखणं. कंत्राटात ही अट लेखी असावी, आणि पाच वर्षांच्या देखभालीचा करारही. चौथी, दरवर्षी ग्रामसभेत तुझा जमाखर्च वाचला जावा, यात्रेचा वाचला जातो तसाच, पैशापैशाचा.

आणि तुझ्याकडे माझं मागणं एवढंच : इथल्या पोरांना हे कळू दे की वीज ही दूरच्या कुणी तरी उपकार म्हणून पाठवायची वस्तू नाही. ती आपण तयार करू शकतो, मोजू शकतो, सांभाळू शकतो आणि वाटून घेऊ शकतो. ज्या मुलीने चौथीत तुझी नोंदवही लिहिली, ती उद्या सरपंच झाली तर पंपाच्या बिलाला घाबरणार नाही, आणि महावितरणच्या कार्यालयात गेली तर बिलातल्या प्रत्येक ओळीचा अर्थ विचारेल.

15 ऑगस्टची ग्रामसभा पावसाळ्यात येते. तू सगळ्यात कमी देतंस ते हेच दिवस, म्हणून तुझी खरी परीक्षा घ्यायलाही तेच योग्य. ज्या गावांत तू आलं आहेस तिथल्या सरपंचांना माझी हात जोडून विनंती आहे की त्या दिवशीच्या विषयपत्रिकेवर ‘शाळेच्या सोलरची देखभाल’ हा विषय घ्यावा, खातं उघडायचा ठराव त्याच सभेत करावा, आणि धनगरवाड्यातल्या व वस्तीवरच्या माणसांना आवर्जून बोलवावं. ठराव झाला की वर्गणीच्या पुस्तकातली पहिली पावती माझ्या नावाने फाडा. पैसे घेऊन मी हजर असेन.

तुझा,
हिरडस मावळातला एक ग्रामस्थ